विहिरीतला पाव आणि कढईतले फुगे

आमच्या आजीने जन्मात कधी पाव खाल्ला नाही. ती रेवदंड्याची, आगरकोटाच्या तटाच्या आत, नारळी-पोफळीच्या वाडीत तिचे माहेर. तापातून उठल्यावर डॉक्टरांनी चहा-पाव सांगितला, तरी ती मुकाट्याने भाताची पेज पिई. कारण विचारले की तिची एक ठरलेली गोष्ट असे. फिरंग्यांनी रात्री गावाच्या विहिरीत पावाचे तुकडे टाकले, सकाळी सारा गाव ते पाणी प्याला आणि दुपारी पाद्री येऊन म्हणाला, आता तुम्ही आमचे. एवढे सांगून ती थांबे आणि म्हणे, "अगो, एका तुकड्याने गाव बाटला, तू मला सबंध पाव देतेस!"

ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत सगळ्या किनाऱ्यावर ऐकू येते, आणि जो तो ती आपल्या शेजारच्या गावाची म्हणून सांगतो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. शाळेत मुले शिकवते, रात्री कादंबऱ्या लिहिते. इतिहासकारांच्या पंक्तीत बसण्याचा माझा हक्क नाही. परंतु या गोष्टीने माझ्या घरात एक डबा अडवून धरला होता, म्हणून मला तिच्या मागे लागावे लागले.

त्या डब्याची हकीकत अशी. आमच्या शाळेत माझ्याबरोबर एक बाई आहेत. त्यांचे माहेर उत्तनचे, भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरातले. लग्न होऊन त्या नेरुळला आल्या. मीही नेरुळलाच राहते. पहिल्याच दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळाचा डबा पाठवला. डबा रिकामा परत करू नये ही रीत त्यांच्याकडेही आहेच. दोन दिवसांनी तो परत आला तो काठोकाठ भरून. आत लिंबाएवढे, तांबूस, वरून साखर भुरभुरलेले गोळे. चिठ्ठीवर लिहिले होते : 'फुगे.'

तेव्हा आजी आमच्याकडेच होती. तिने विचारले, "कशाचे?" मी खरे ते सांगितले : आंबवलेल्या मैद्याचे, पावाच्या पिठासारखेच. आजीने डबा ओट्यावर ठेवू दिला नाही. मी तो इमारतीच्या रखवालदाराला देऊन टाकला आणि दुसऱ्या दिवशी बाईंना म्हणाले, फार छान झाले होते हो. त्यांनी हौसेने विचारले, "स्वाद कसला होता, ओळखलात का?" मी म्हणाले, "वेलचीचा." त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "जायफळ घातलं होतं." त्यावर दोघीही काही बोललो नाही. पुढल्या दिवाळीपासून डबा परत येऊ लागला तो चमचाभर साखर घालून. रीत पाळली जात होती.

आता इतिहास. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली, आणि गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई व साष्टी त्यांना १५३४ च्या तहाने मिळाली. रेवदंडा-चौल त्यांच्याकडे १७४० पर्यंत राहिले. आमच्या बेलापूरचा किल्लाही काही काळ त्यांच्याकडे होता. या लोकांना भात खाऊन चैन पडेना. गव्हाचे पीठ मिळत होते, पण ते फुगवायचे कशाने? युरोपात घरोघरी असते तसले आंबवण इथे नव्हते. ते मिळाले माडाच्या झाडावर. पहाटे उतरवलेली माडी सूर्य वर चढला की फसफसू लागते. त्या फेसात जे सूक्ष्म जीव असतात ते पिठातली साखर खातात आणि वायू सोडतात. त्या वायूने पीठ फुगते. म्हणजे पाव हा शब्द लिस्बनचा, पण त्याचा फुगारा कोकणातला. गोव्यात अजून पाववाल्याला 'पोदेर' म्हणतात, तो पोर्तुगीज शब्द. सासष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना जेझुइटांनी ही विद्या प्रथम शिकवली, अशी तिकडे परंपरा आहे. पुढे हेच गोवेकर मुंबईत भट्ट्या घालून बसले, आणि मुंबईकरांनी त्यांना 'माकापाव' म्हणून चिडवले. ज्याच्या हातचे रोज खायचे त्यालाच नावे ठेवायची, ही आपली जुनी खोड.

हेच आंबवलेले पीठ भट्टीत न घालता कढईत सोडले की त्याचे फुगे होतात. पोर्तुगीज लोकांत असे तळीव गोड गोळे सणाला होतातच. मदेरा बेटावरचे मजूर १८७८ मध्ये उसाच्या मळ्यांवर कामाला म्हणून हवाईला गेले. त्यांच्या मागोमाग 'मालासादा' नावाचे असलेच साखरेत घोळवलेले गोळे तिकडे रुजले, आणि आज ते तिथले स्वतःचे पक्वान्न मानले जाते. आपल्याकडे मात्र कोकणी बायकांनी त्यात नारळाचे दूध घातले आणि त्याला नाव दिले ते थेट मराठी. मुलाच्या हातातला तो फुगा आणि कढईतला तो फुगा. मला तर हे आमच्या कोकणातल्या 'बोरां'चे सावत्र भावंड वाटते. ती तांदळाची आणि गुळाची, हे मैद्याचे, एवढाच फरक.

हे फुगे ज्यांचे, ते स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. नाव ऐकून पुष्कळांना हे लोक कुठून तरी बाहेरून आले असे वाटते. खरे तर ते इथलेच : कोळी, कुणबी, भंडारी, आगरी, पाचकळशी, साष्टी, वसई, ठाणे, उरण या पट्ट्यातले मूळ रहिवासी. घरात मराठीची बोली बोलतात. लग्नात 'उंबराचं पाणी' आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात. वाचकांनी हे लक्षात घ्यावे, विहिरीवरच जातात. इंग्रज सरकारच्या नोकऱ्यांत गोव्याचे व मंगळूरचे ख्रिस्ती येऊ लागले तेव्हा आपण त्यांच्याहून निराळे, कंपनीच्या काळापासूनचे इथले, हे दाखवायला त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे नाव घेतले. त्या नावाने नोकऱ्या किती मिळाल्या कोण जाणे, पण शेजाऱ्यांच्या लेखी ते परके मात्र झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती साहित्यिक. वास्तविक फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापले गेले ते १६१६ साली. चारशे वर्षांत एक पाहुणा घरात आला, असे म्हणण्याची आपल्यावर पाळी आली.

मग त्या विहिरीतल्या पावाचे काय? धर्मांतरे झाली हे खरे, आणि ती गोडीगुलाबीने झाली असे कोणी म्हणू नये. देवळे पाडली गेली, अनाथ मुले पाद्र्यांच्या ताब्यात गेली, जो बाप्तिस्मा घेईल त्याला जमीन आणि नोकरी, जो न घेईल त्याच्या पाठीस कायदा, असा तो व्यवहार होता. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले ते १८१२ पर्यंत. एवढी हत्यारे हाती असलेल्या राज्याला रात्रीच्या अंधारात पावाचे तुकडे टाकत हिंडण्याची काय गरज होती? पण गोष्ट शिल्लक राहिली ती पावाची, आणि माझ्या मते त्याचे कारण आपल्यात आहे. पाण्यात पाव टाकून माणूस ख्रिस्ती होत नाही, हे पाद्र्यालाही ठाऊक होते. त्याला पुन्हा पंक्तीत न घेण्याचा नियम आपला होता. पाव बाहेरचा, बाटणे घरचे.

हे फार जुने झाले असे कोणाला वाटेल, तर पुण्यातले पंचहौद मिशनचे प्रकरण आठवावे. १८९० च्या ऑक्टोबरात तिथल्या मिशनऱ्यांनी पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला बोलावली आणि नंतर सर्वांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी खोडसाळपणे सगळ्यांची नावे छापवून आणली आणि पुण्यात हलकल्लोळ झाला. टिळक आणि रानडे दोघेही त्या यादीत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले. रानड्यांसारख्या हायकोर्टापर्यंत चढलेल्या माणसानेही अखेर प्रायश्चित्त घेतले. स्वतःला चूक पटली म्हणून नव्हे. आपल्यापायी घरच्यांना आणि स्नेह्यांना जाच होऊ नये म्हणून. एका कप चहाची ही किंमत. मग रेवदंड्याच्या एका बाईने पाव खाल्ला नाही यात तिचा दोष तो किती! तिला पावाची भीती नव्हती. भीती होती ती शेजारणींची.

ताडी-माडीचे राज्य मुंबई राज्यातल्या दारूबंदीने मोडले. १९४९ चा कायदा आला आणि पिठात घालायला झाडावरचे आंबवण उघडपणे मिळेनासे झाले. बायका डबीतल्या यीस्टकडे वळल्या. पुढे १९६५ साली सरकारनेच मॉडर्न बेकरीज काढली, मेणकागदात गुंडाळलेला कापीव पाव घरोघर गेला आणि त्याचा धर्म विचारणारे कोणी उरले नाही. साठीच्या दशकातच दादर स्टेशनबाहेर वडा पावात जाऊन बसला, आणि ज्या पावाने गाव बाटत असे तोच मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय झाला. हे सारे इतके मुकाट्याने घडले की प्रायश्चित्ताची आठवण कोणालाच झाली नाही.

आमची नवी मुंबई तर त्यानंतरची. सिडको स्थापन झाली १९७० साली. भातखाचरे आणि मिठागरे असलेल्या गावांच्या जमिनी जाऊन हे शहर उठले. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली आणि आमच्यासारखी माणसे लोंढ्याने इकडे आली. सेक्टराला देऊळ होण्याआधी बेकरी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत उत्तरेकडचे कामगार रात्रभर मैदा मळतात आणि पहाटे साडेचारला लादीपाव निघतो.

आजी २०१४ साली गेली. तिच्या असताना जे केले नाही ते ती गेल्यावर लगेच करणे मला बरे वाटेना. तशी वर्षे गेली. गेल्या दिवाळीच्या आधी मात्र एका रविवारी पहाटे मी बेकरीत जाऊन अर्धा किलो कच्चे पीठ मागितले. तो कामगार हसला. म्हणाला, पिझ्झासाठी नेतात पुष्कळ जण. पीठ पिशवीत घालून दिले ते अजून कोमट होते आणि घरी येईतो पिशवी फुगून कडक झाली.

तयार पिठाचे सोपे वाटते, तेवढे नाही. पावाचे पीठ घट्ट. फुग्यांना सैल लागते. मी ते परातीत तोडून घेतले, त्यात दोन अंडी फेटून, चार मोठे चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी दाट नारळाचे दूध थोडे थोडे घालत गेले. पहिली दहा मिनिटे सगळे निसटते, गुठळ्या होतात, आणि हे फेकून द्यावे असे वाटते. तसे करू नये. ओढत-ताणत राहिले की पीठ एकाएकी मिळून येते आणि हाताला चिकटू लागते. मग झाकून तासभर ठेवायचे. तळताना तेल मध्यम. हात पाण्यात बुडवून मुठीत पीठ घ्यायचे आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधून पिळायचे, म्हणजे गोटीएवढा गोळा बाहेर येतो. तो दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटाने तेलात सोडायचा. चांगला फुगा असेल तर तो तेलात आपला आपण उलटतो. माझे पहिले सात-आठ शेपटीवाले झाले, बेडकाच्या पिलांसारखे. मुलांनी तेच आधी संपवले. बाकीचे गरम असतानाच पिठीसाखरेत घोळवले. साखरेत जायफळ किसून घातले होते.

या खेपेस फराळाच्या डब्याबरोबर दुसरा डबा घेऊन मी स्वतःच बाईंच्या घरी गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. त्यांच्या सासूबाई सोफ्यावर वाटाणे सोलीत बसल्या होत्या. बाईंनी डबा उघडला, एकदा माझ्याकडे पाहिले आणि एक फुगा सासूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोडून आत पाहिले. पोकळ होता, तसाच असावा लागतो. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "बरे झालेत. पण ताडी नाही ना घातली? मग वास कुठनं येणार!"

"बेकरीतलं पीठ आहे," मी म्हणाले.

"तरीच," त्या म्हणाल्या आणि दुसरा उचलला. बाई आत गेल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पोळपाटाएवढे जाड भांडे होते, म्हणाल्या, "पीठ उरलंय का घरी? संध्याकाळी येते मी. शेपट्या येतात त्या अंगठ्यामुळे. दाखवते."