कांजिण्या आणि नागीण : दोन आजार, एक विषाणू

कांजिण्या हा मुख्यतः लहान मुलांचा आजार. थोडा ताप येतो, अंगभर पाण्याने भरलेले, खाजणारे फोड उठतात आणि आठ-दहा दिवसांत खपल्या धरतात. नागीण बहुधा उतारवयात होते. आधी काही दिवस एका जागी आग आणि ठणका, मग शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड. ते सुकल्यावरही वेदना काहींना महिनोन्‌महिने छळते. कांजिण्यांची साथ येते, नागिणीची येत नाही. मग या दोहोंचे नाते जुळले कसे?

पहिला धागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाई यांना सापडला. घरातील मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी तेथील मुलांना कांजिण्या येतात, असे त्यांना दिसले. १९२५ मध्ये कुंड्राटिट्झ यांनी नागिणीच्या फोडांतील द्रव मुलांना टोचला, तेव्हा कांजिण्यांसारखे फोड आले. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांचे विषाणू पेशीसंवर्धनात वाढवले. ते एकच निघाले.

पण नागिणीच्या रोग्याला हा विषाणू मिळतो कोठून? याचे उत्तर इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर गावच्या एडगर होप-सिम्प्सन या डॉक्टरांनी शोधले. सुमारे साडेतीन हजार लोकांमध्ये १९४७ ते १९६२ या १६ वर्षांत नागिणीचे १९२ रोगी त्यांनी नोंदवले. नागीण ऋतूप्रमाणे किंवा कांजिण्यांच्या साथीबरोबर वाढत नव्हती. वाढत होती ती वयाबरोबर. दहा वर्षांखालील मुलांत तिचे प्रमाण वर्षाला दर हजारी एकाहून कमी, तर ऐंशीच्या घरात सुमारे दहा होते. म्हणजे विषाणू बाहेरून येत नसावा. बालपणीच्या कांजिण्यांनंतर तो मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींत दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती उणावली की जागा होतो, असे त्यांनी १९६५ मध्ये मांडले. पुढे १९८४ मध्ये एकाच रोग्याच्या कांजिण्यांतील व नंतरच्या नागिणीतील विषाणूंचे डीएनए जुळले.

आपल्याकडे नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, अशी भीती आहे. फोडांचा पट्टा नेमका कोठे थांबतो, ते पाहू. जागा झालेला विषाणू चेतातंतूवरून त्वचेपर्यंत उतरतो. पाठीच्या कण्यापासून निघणारा हा तंतू शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो. म्हणून विळखा सहसा पूर्ण होतच नाही. आणि क्वचित दोन्ही बाजूंना फोड आले तरी विळख्याने कोणी मरत नाही. या भीतीपोटी लेप आणि मंत्रात मोलाचा वेळ जातो. विषाणूरोधक औषध फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू झाले, तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. डोळ्याजवळ फोड असतील तर मुळीच थांबू नये.

विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी. नागीण झालेल्या आजोबांकडून नातवाला नागीण लागत नाही. मात्र त्याला पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील व लसही दिलेली नसेल, तर फोडांच्या स्पर्शाने कांजिण्या होऊ शकतात. बोकाईंनी पाहिले होते ते हेच.