‘समान’ आणि ‘तोच’: संगणकभाषांतील मजकूर-तुलनेचा इतिहास व मराठी लेखन

छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौकात ‘क्रांती चौक’ अशी अक्षरे असलेल्या दोन पाट्या आहेत असे मानल्यास त्यांवरील मजकूर समान ठरतो. पाट्या मात्र दोनच राहतात. ‘समान’ आणि ‘तोच’ यांतील हा भेद आज्ञावली लिहू लागलेल्या विद्यार्थ्यास मजकुरांच्या तुलनेत प्रथम जाणवतो. प्रस्तुत लेखात या भेदाचा ऐतिहासिक मागोवा घेऊन मराठी मजकुरापुरती त्याची मर्यादा तपासली आहे.

जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेविषयी प्रसिद्ध केलेल्या निबंधात अविभाज्य चिन्हांसाठी ‘ईक्यू’ आणि संपूर्ण राशींसाठी ‘इक्वल’ अशा दोन कसोट्या आढळतात. स्मॉलटॉक-८० मध्ये एक बरोबर-चिन्ह समानता तपासते, तर दुहेरी चिन्ह (==) अभिन्नता. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेत मजकूर ही केवळ अक्षरांची रांग होती. दुहेरी चिन्हाने तिचा स्मृतीतील पत्ता तपासला जाई आणि अक्षरांच्या तुलनेसाठी स्वतंत्र फलन वापरावे लागे. १९९५ साली जाहीर झालेल्या जावा भाषेने चिन्हे सी भाषेची घेतली. त्यामुळे तेथे दुहेरी चिन्ह ‘हीच वस्तू का?’ असे विचारते. मजकुरासाठी ‘इक्वल्स’ ही पद्धत योजावी लागते. पुढे सी-शार्पने मजकुराच्या बाबतीत दुहेरी चिन्हालाच आशयाची तुलना सोपविली. यावरून हा संकेत भाषाकर्त्यांच्या निवडीचा भाग आहे, हे स्पष्ट होते.

जावामधील चूक लवकर उघड होत नाही. आज्ञावलीतच लिहिलेले समान मजकूर एकाच वस्तूत साठविले जातात; त्यामुळे दुहेरी चिन्हही होकार देते. कळफलकावरून आलेला तोच मजकूर मात्र नवी वस्तू बनतो आणि उत्तर नकारार्थी येते.

मराठीत ‘इक्वल्स’ही पुरेसे ठरत नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार तत्सम इकारान्त शब्द दीर्घान्त झाले. म्हणून ‘क्रांति’ आणि ‘क्रांती’ वाचकास एक, पण संगणकास भिन्न. परसवर्ण वापरून लिहिलेले ‘क्रान्ती’ हे तिसरे रूप. याहून सूक्ष्म बाब ‘कऱ्हाड’मधील ‘ऱ’ची आहे. युनिकोडमध्ये तो एका संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. दोन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसली तरी तुलना फसते. २००६ च्या जावा ६ मधील प्रमाणीकरणाची सोय हा भेद मिटविते. ऱ्हस्व-दीर्घाचा मात्र मिटवीत नाही.

सारांश, तुलनेचे तीन स्तर संभवतात: वस्तू तीच, संकेतांक तेच आणि शब्द तोच. प्रारंभिक अभ्यासक्रमात पहिल्या दोहोंवर भर असतो. परंतु प्रवेशयादीतील विद्यार्थ्याचे नाव गुणपत्रकाशी जुळते की नाही, हे मराठीत पुष्कळदा तिसऱ्या स्तरावर ठरते. म्हणून मराठी नावांचे सराव पहिल्या पाठापासूनच देणे अगत्याचे आहे.