ऑगस्ट बेबेल : एक तळटीप

१. मूळ लेखात नुसते ‘तो जर्मन कातारी’ असे म्हटले आहे. हे ऑगस्ट बेबेल (१८४०–१९१३). वडील प्रशियन सैन्यात कनिष्ठ हुद्द्यावर. आईवडील लवकर गेले, म्हणून पोर वेट्सलार गावी कातारकाम शिकायला लागले. उमेदवारी संपवून, गावोगाव कामे करीत ते १८६० साली लाइपझिगला आले आणि चार वर्षांत स्वतःचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे लेथ आणि हाताखाली मोजकी माणसे. माल म्हशीच्या शिंगाच्या दारा-खिडक्यांच्या मुठींचा.

‘धंदा सोडून पुढारी झाला’ हे लेखकाचे म्हणणे मात्र घाईचे आहे. बेबेल १८६७ साली उत्तर जर्मन संसदेत निवडून आले, पण सभासदांना भत्ता नव्हता. तो जर्मन संसदेत १९०६ साली सुरू झाला. तेव्हा पोट मुठींवरच! १८७० साली फ्रान्सवरील युद्धाच्या कर्जाला त्यांनी व त्यांचे समाजवादी सहकारी लीबक्नेख्ट यांनी पाठिंबा दिला नाही. १८७२ साली राजद्रोहाच्या तयारीचा ठपका येऊन दोघांना दोन वर्षांची किल्ल्यातली कैद झाली. तेवढ्या काळात कारखाना पत्नी यूलीबाईंनी चालवला, याचा उल्लेख चरित्रकार फार ओझरता करतात. पुढे धंद्यात भागीदार आला, तेव्हा संसदेतले हे बडे वक्ते मुठींचे नमुने घेऊन विक्रीला गावोगाव हिंडत. स्त्रिया आणि समाजवाद यांवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक १८७९ चे, म्हणजे समाजवाद्यांवरील बंदीच्या काळातले.