गुंडाळलेल्या चटईचा ताल

फेब्रुवारी उजाडला की शाळा सुटल्यावर आमच्या हॉलमधून धप् धप् असा ठेका ऐकू येऊ लागतो. सामोअन मुलांच्या ‘सासा’ नाचाचा सराव सुरू झालेला असतो. एक मुलगा घट्ट गुंडाळलेली चटई पुढ्यात घेऊन दोन काठ्यांनी ती वाजवतो. समोर रांगेने मांडी घालून बसलेली मुलं त्या तालावर टाळ्या देतात, हात फिरवतात. रोजच्या घरकामाच्या हालचालींतून हा नाच घडला आहे. एकाचा हात मागे पडला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. मी साताऱ्याकडची, शाळेच्या पटांगणात लेझीम खेळून वाढलेली. दक्षिण ऑकलंडमधल्या या माध्यमिक शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हा इथली पहिली ओळखीची गोष्ट मला भेटली ती हीच.

हा सराव पॉलिफेस्ट या शाळांच्या नाचगाण्याच्या महोत्सवासाठी असतो. त्याची सुरुवात १९७६ साली ओतारा या कामगारवस्तीतल्या हिलरी कॉलेजात झाली. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरींच्या नावाची ही शाळा. पहिल्या वर्षी चार शाळा आल्या होत्या. आज मार्च महिन्यात मानुकाऊच्या मैदानावर हजारो मुलं उतरतात. माओरी, सामोआ, टोंगा, नियुए आणि कुक बेटे यांचे वेगवेगळे मंच असतात. सहावा मंच बाकी सगळ्यांचा, त्यावर भारतीय मुलंही नाचतात.

१९७६ हे साल मात्र नीट समजून घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना माणसं कमी पडत होती, म्हणून पॅसिफिक बेटांवरून कामगार आले. सत्तरच्या दशकात मंदी आली आणि तीच माणसं डोळ्यांत खुपू लागली. व्हिसाची मुदत संपलेल्यांना पकडायला पोलीस पहाटे दारं ठोठावू लागले, घरात कुत्री घेऊन शिरू लागले. या धाडी १९७४ मध्ये सुरू झाल्या. १९७६ च्या ऑक्टोबरात तर भररस्त्यात माणसाचा रंग बघून कागदपत्रं मागितली जात. पुढे ऐंशीच्या दशकात आकडे बाहेर आले. मुदत उलटून राहिलेल्यांत पॅसिफिक लोक साधारण एक तृतीयांश होते, खटले मात्र ८६ टक्के त्यांच्यावरच भरले गेले होते. ज्या वर्षी बेटांवरून आलेल्या आईबापांना चोरासारखं उठवलं जात होतं, त्याच वर्षी एका शाळेने त्यांच्या मुलांना मंचावर उभं केलं. म्हणून मला पॉलिफेस्ट निव्वळ नाचगाण्याचा सोहळा वाटत नाही.

अभ्यासाची बाजूही तेव्हापासूनचीच आहे. १९७१ मध्ये ऑकलंडच्या पॉन्सनबी भागातल्या तरुण पोरांनी ‘पॉलिनेशियन पँथर्स’ ही संघटना उभारली. त्यांनी पहाटेच मंत्र्यांच्या घरांपुढे जाऊन भोंग्यांवरून त्यांना जाब विचारला. त्याच पोरांनी वस्तीतल्या मुलांसाठी गृहपाठाची केंद्रंही चालवली. आपण कोण आहोत हे ताठ मानेने सांगणं आणि गृहपाठ पुरा करणं ही दोन्ही कामं त्यांनी एकाच हाती घेतली होती. आज पॉलिफेस्टमधल्या सादरीकरणाचे श्रेयांक मुलांना एनसीईए या शालान्त प्रमाणपत्रासाठी मिळवता येतात.

१ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्या धाडींबद्दल ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये जाहीर माफी मागितली. सामोअन ‘इफोगा’च्या रीतीप्रमाणे त्यांच्यावर बारीक विणीची मोठी चटई पांघरली गेली. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी ती उचलली की क्षमा मिळाली असं समजतात. चटई उचलली गेली. त्याच दिवशी सरकारने पॅसिफिक समाजासाठी २१ लाख डॉलरच्या शिष्यवृत्त्याही जाहीर केल्या. मी घरी बसून ते बघत होते, आणि मला आमच्या हॉलमधली चटई आठवत होती.

आमच्याकडे सरावाआधी तासभर अभ्यास असतो. मुलं हॉलमध्ये त्याच चटईवर वह्या पसरून बसतात आणि मी त्यांच्यात बसून समीकरणं सोडवून घेते. तास संपला की वह्या दप्तरात जातात, चटई झटकली जाते, घट्ट गुंडाळली जाते आणि मग तिच्यावर काठी पडते.