पंचावन्न सेंटिमीटरांचा कोनाडा

स्वित्झर्लंडांतील एखाद्या जुन्या बिऱ्हाडांत स्वयंपाकघराच्या कपाटांत बसविलेला ओव्हन निकामी झाला, म्हणजे घरमालकापुढें प्रथम जो प्रश्न उभा राहतो तो किंमतीचा नसून मापाचा असतो. त्याच्या कपाटांतील कोनाडा ५५ सेंटिमीटरांच्या मापाचा. आणि सीमेपलीकडे जर्मनींत, फ्रान्समध्यें वा इटलींत सर्रास विकले जाणारे ओव्हन ६० सेंटिमीटरांच्या मापाचे. अंतर काय तें तीन बोटांचें! पण ह्या तीन बोटांपायीं धडधाकट कपाटांची सबंध रांग मोडण्याची पाळी येते. ही पाळी कशी आली, हें पाहूं लागलें असतां घराच्या इतिहासाचें एक दुर्लक्षित पान हातीं लागतें.

चूल मोकळी उभी होती तोंवर हा प्रश्न उद्भवतच नव्हता. अमेरिकेंत कॅथरिन बीचर व तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो या दोघींनीं १८६९ सालीं गृहव्यवस्थेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत कामाच्या फळीची, पिठाच्या डब्याची व भांडीं धुण्याच्या कुंडीची जागा मोठ्या विचारानें आंखून दिली आहे. परंतु लोखंडी शेगडी मात्र सरकत्या दारांपलीकडे एकटीच उभी आहे. ती जुनी झाली तर उचलावी आणि मिळेल ती दुसरी आणून ठेवावी. आमच्याकडील मातीची चूल जमिनीशीं एकजीव असे खरी. पण ती घालणारी बाई घरांतलीच असल्यामुळें तिचें माप घरच्या पातेल्यांवरून ठरे, आणि ती मोडली तर त्याच जागीं, त्याच हातांनीं नवी उभी राही.

पुढें ख्रिस्तीन फ्रेडरिक या अमेरिकन बाईंनीं १९१३ सालच्या आपल्या पुस्तकांत कारखान्यांतील शास्त्रीय व्यवस्थेचे नियम घरकामास लावून दाखविले. तो विचार युरोपांत पोंचला, आणि १९२६ सालीं फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं, अर्न्स्ट माय यांच्या हाताखालीं, मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनीं एक स्वयंपाकघर आंखलें. रुंदी सुमारें १.९ मीटर, लांबी सुमारें ३.४ मीटर. असलीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. त्यापूर्वीं आपण कधीं स्वयंपाक केलेला नव्हता, असें बाईंनीं स्वतःच पुढें मोकळेपणानें सांगितलें. आणि त्यावरून त्यांची थट्टा करणारेही थोडे नाहींत. आम्हांस ती थट्टा रुचत नाहीं. दिवसभर कामावर राबून घरीं परतणाऱ्या स्त्रीचीं पावलें वांचावीं हा हेतु थोर होता, व तो पुष्कळ अंशीं साधलाही. मात्र जागा इतकी बेतून आंखली गेली कीं, तींत ठेवावयाच्या वस्तूचें मापही त्याबरोबरच ठरून गेलें. दुसऱ्या महायुद्धानंतर कपाटांच्या सलग रांगा घरोघर आल्या आणि शेवटीं ओव्हनही कपाटांत शिरला. आतां माप कोणाचें धरावयाचें?

स्विस लोकांनीं आपलें स्वतःचें माप धरलें. रुंदी ५५ सेंटिमीटर, खोली ६०, आणि उंचीची पायरी १२.७ सेंटिमीटरांची, म्हणजे तीन पायऱ्यांचा ओव्हन ३८.१ उंच, पांचांचा ६३.५, सहांचा ७६.२. (वाचकांनीं हिशेब करून पाहावा: १२.७ सेंटिमीटर म्हणजे बरोबर पांच इंच. मीटरच्या देशांत इंच असे दडून बसले आहेत!) या मापाला देशांतलेच कारखाने पाठीशीं होते. १९१३ सालीं लोखंडावर जस्त चढविण्यासाठीं त्सुग येथें निघालेली व्ही-त्सुग ही कंपनी त्यांतलीच एक. भोंवतालच्या देशांनीं मात्र ६० सेंटिमीटर स्वीकारले, आणि स्वित्झर्लंडांतील नव्या इमारतींतही तेंच माप शिरूं लागलें. जुने कोनाडे भिंतींत राहिले ते राहिलेच.

यांतील अडचण सुताराला विचारावी. कोनाडा मोठा व ओव्हन लहान असेल तर दोन्ही बाजूंस अडीच-अडीच सेंटिमीटरांच्या पट्ट्या मारून काम भागतें. उलट प्रकारांत पट्टीचा उपयोग नाहीं. कपाटाच्या बाजूच्या फळ्या हलवाव्या, तर शेजारचीं कपाटें आड येतात. तीं अरुंद करावीं, तर त्यांचीं दारें व खण नवे करावे लागतात. आणि वरचा सलग दगडी ओटा तर हलतच नाहीं. त्यांत उंचीही जुळत नाहीं ती निराळीच. अमेरिकेंत हीच कथा इंचांत आहे. तेथें भिंतींतले ओव्हन २४, २७ व ३० इंचांचे. त्यांपैकीं ३० इंची आतां सर्वांत प्रचलित. ज्याच्या घरांत जुना २७ इंची आहे त्याला निवड थोडी, आणि ३० इंची घ्यावा तर सुमारें साडेअठ्ठावीस इंचांची पोकळी हवी. ती जुन्या कपाटांत कोठून आणावी?

आमच्या मतें यांतील खरा प्रश्न खर्च कोणाचा व निवड कोणाची हा आहे. जर्मनींत कित्येक भाडेकरी आपलें स्वयंपाकघर, ओट्यासकट, नव्या बिऱ्हाडीं घेऊन जातात. त्यांना मापाचा घोळ सोसावा लागतो, पण निर्णय त्यांचा असतो. स्वित्झर्लंडांत निम्म्याहून अधिक कुटुंबें भाड्यानें राहतात आणि ओव्हन घरमालकाचा असतो. रोज त्यांत पाव भाजणारी बाई मालकाला कळविते. मालक हिशेब करतो कीं ५५ चाच नवा आणावा, कीं याच निमित्तानें सारें स्वयंपाकघर उपटून ६० चें करावें. दुसरा बेत ठरला तर घर दुरुस्त नव्हे, सुधारलेलें ठरतें, आणि त्या सुधारणेचा कांहीं भाग पुढें भाड्यांत चढूं शकतो. त्सुगच्या कंपनीच्या यादींत अजूनही ५५ चे ओव्हन ६० च्या जोडीनें छापले जातात, आणि पुष्कळ घरीं तूर्त तेवढ्यानेंच निभावतें.