चौदा गुंठे

आमच्या मळ्यातून रेल्वे गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. कणकवली तालुक्यातलं आमचं गाव लहान. एका बाजूला कातळाचा सडा, दुसऱ्या बाजूला व्हाळ आणि मधे भाताचा मळा. त्या मळ्यातली आमची चौदा गुंठे जमीन रुळाखाली गेली. पावसाळी भात झाल्यावर वायंगण घेता येईल असे पाण्याचे कुणगे आमच्याकडे तेवढेच होते. बांधावरचे नऊ आंबे आणि दोन फणसही गेले.

१९९०-९१ च्या सुमाराला मोजणीची माणसं गावात आली. तांबड्या-पांढऱ्या काठ्या, साखळी, दुर्बीण. पोरं त्यांच्या मागे मागे. कोणाच्या परड्यात खुंटी, कोणाच्या गोठ्याच्या भिंतीवर चुन्याची खूण. गावात दोन तट पडले. ‘रेल हवीच, पण दुसऱ्याच्या मळ्यातून’ असं म्हणणाराही एक तिसरा तट होता आणि खरं सांगायचं तर तोच मोठा. आमचे बाबा मात्र पहिल्याच दिवशी सही करून आले. आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बाबाच म्हणाले, “जाऊंदेत गो. पोरांका उपेग होतलो.” मग जरा थांबून म्हणाले, “आवशीक खांदो देवक मी पोचाक नाय. रेल असती तर पोचलो असतंय.”

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण कोणी काढत नसे. १९५८ चा आषाढ. बाबा तेव्हा मुंबईला गिरणीत होते. आजी गेल्याची तार संध्याकाळी खोलीवर आली. तेव्हा कोकणात जायचं म्हणजे बोट. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, देवगड किंवा विजयदुर्गाला उतरायचं, बोटीतून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर. पण पावसाळ्यात बोटी बंद. १९४७ च्या जुलैत रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, ती आठवण अजून ताजी होती. बाबांनी मग घाटावरची वाट धरली. रेल्वेने पुणे, तिथे गाडी बदलायची, कारण पुढचा रूळ मीटरगेजचा. मिरजेवरून कोल्हापूर, आणि कोल्हापुरातून एसटीने फोंडा घाट. घाटात दरड आलेली. रात्र गाडीतच काढली. सकाळी दरड ओलांडून चालत उतरले. घरी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. पावसाने राखसुद्धा वाहून नेली होती.

म्हणून बाबांची सही लगेच झाली. बाकीच्यांना त्यांचा वेडेपणा वाटला.

कोकणात रेल्वे हवी ही मागणी बाबांच्या तरुणपणापासूनची. अ. ब. वालावलकरांनी तिच्यासाठी आयुष्य घालवलं. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. रूळ मात्र सरकत सरकत १९८६ ला रोह्यापर्यंत आले आणि थांबले. पुढे डोंगरच डोंगर. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते. दोघांनी वेगळीच वाट काढली. रेल्वे आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही चार राज्यं मिळून एक महामंडळ उभारायचं आणि रोख्यांतून पैसा काढायचा. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख झाले.

हे काम का अडलं होतं ते आम्हाला शेतावरून कळत होतं. कोकणातली प्रत्येक नदी सह्याद्रीतून निघते आणि पश्चिमेला समुद्राकडे जाते. डोंगराचे फाटेही तसेच आडवे. रूळ जाणार उत्तर-दक्षिण. म्हणजे प्रत्येक फाटा पोखरायचा आणि प्रत्येक नदी ओलांडायची. मोटारीचा रस्ता कशेडी घाटात, परशुराम घाटात वळणं घेत चढतो-उतरतो. इथे मात्र दीडशे मीटर गेल्यावर एक मीटर, यापेक्षा जास्त चढ द्यायचा नाही असं ठरलेलं. मग रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरमध्ये नव्वदच्या वर बोगदे आणि लहानमोठे दोन हजारांच्या घरात पूल झाले. खडक कठीण असेल तिथे सुरुंग चालला. पण पेडण्यासारख्या ठिकाणी डोंगरात ओली चिकणमाती, आज खणलं की उद्या बसलं. तिथे कामगार गाडले गेले. तो एक बोगदा व्हायला सहा वर्षं लागली. त्याच्यासाठी सगळा मार्ग खोळंबला आणि २६ जानेवारी १९९८ ला पहिली गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

आमच्याकडे गाडी त्याआधीच, १९९६ च्या शेवटी आली. गाव स्टेशनावर लोटलं. नारळ फुटले, इंजिनाला हार पडले. बाबा गेले नाहीत. मळ्याच्या बांधावर उभे राहून त्यांनी गाडी बघितली आणि गुरं घेऊन घरी आले.

१९९९ च्या थंडीत मी त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईला आणलं होतं. डोळा सुधारला तशी त्यांना गावची ओढ लागली. मी म्हटलं, “बाबानू, रात्रीची नको, दिवसाची गाडी धरूया. आणि घरी न उतरता तशीच पुढे मंगळूरपर्यंत जाऊया. तुमी जमीन दिलात ती रेल बघूक नको?” ते लगेच हो म्हणाले याचं मलाच नवल वाटलं.

सकाळची गाडी. रोहा गेल्यावर बाबा सावरून बसले. समुद्र दिसेल अशी मुंबईकराची समजूत असते. पण आपल्या भागात रूळ समुद्रापासून बराच आत, डोंगराच्या कुशीतून जातो. डावीकडे सह्याद्रीची भिंत सारखी सोबतीला. कापणी होऊन गेलेली, खळी शेणाने सारवलेली, कुठे कुठे गवताची उडवी. खेड गेलं, चिपळूण गेलं. बाबा बोगदे मोजत होते. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला तेव्हा डब्यात आधी कुजबुज, मग सगळे गप्प. कोळशाचा नाही, ओल्या दगडाचा वास. बाहेर उजेडात आलो तशी लहान पोरं ओरडली. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल. ६४ मीटर उंचीचे खांब, खाली माडांचे शेंडे हिरव्या चांदण्यांसारखे. डब्यातले सगळे खिडकीला लागले. बाबांनीही बघितलं, पण त्यांची बोटं दुसरीकडेच. पुलाच्या पायथ्याला एक चौकोनी शेत होतं.

“ह्यो मळो कोणाचो असात?” त्यांनी विचारलं.

मला काय ठाऊक! मी हसलो. पण तोच प्रश्न त्यांनी पुढच्या भरावाला विचारला, त्याच्या पुढच्या खोदाईलाही विचारला. सगळे डोंगर बघत होते, धबधब्यांच्या सुकलेल्या वाटा बघत होते. बाबा रुळाला टेकलेले अर्धे तुटके कुणगे बघत होते. बांध कुठून कापला गेला, पलीकडचा उरलेला तुकडा कोण कसत असेल, त्याला पाणी कुठून मिळत असेल. मोजणी, पंचनामे, सह्या या सगळ्या मार्गावर सुमारे ४२ हजार खातेदारांनी केल्या होत्या. तो आकडा मी वर्तमानपत्रात वाचला होता. तो दिसतो कसा, ते मी त्या दिवशी बाबांच्या बोटाने बघितलं.

वैभववाडी गेली, नांदगाव गेलं. बाबा उठून दाराशी गेले. मी मागोमाग निघालो, तेवढ्यात चहावाला आला. दोन चहा घेतले, सुटे पैसे दिले आणि पेले सांभाळत दारापर्यंत गेलो. बाबा वळून म्हणाले, “बघलंस?”

“काय?”

“मळो.”

मी वाकून मागे बघितलं. गाडी वळणावर होती, कापलेल्या तांबड्या दरडीपलीकडे काही दिसेना.

“तुझी आवस होती. वायंगणाक पाणी लावत होती उरलेल्या कुणग्यात. तिना वर बघूकय नाय.” चहाचा पेला घेत ते म्हणाले, “चौदा गुंठे. घोट घेयसर गेलो.”

कणकवली स्टेशनात गाडी थांबली. उतरून अर्ध्या तासात घरी गेलो असतो. बाबा जागेवर जाऊन बसले. रागावले होते की काय, मला कळेना.

रात्री मडगावात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुढची गाडी धरली. काणकोणच्या रानातून कारवार, काळी नदीचं रुंद पात्र, मग अंकोला, कुमठा. होन्नावरला शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब. गाडी पाण्यावरच चालल्यासारखी वाटते. कुमठ्याला एक म्हातारी बाई आमच्या समोर येऊन बसली होती. बोलणं कोकणी. बाबांची मालवणी तिला कळत होती, तिची कोकणी बाबांना. माझ्यापेक्षा त्या दोघांचंच जास्त जमलं. सुपारी फुटली. पूल सरल्यावर बाबांनी सवयीने विचारलं, “ह्यो कोणाचो मळो?” ती सहज म्हणाली, “कोण जाणा. आमचेंय भाट गेलें.” भाट म्हणजे बागायत. तिच्या पोफळी गेल्या होत्या.

“किती?” बाबा.

तिने पोफळींचा आकडा सांगितला. बाबांनी आंब्यांचा सांगितला. नऊ. मग फणस. दोन. तिने मान हलवली. किती पैसे मिळाले हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही. उडुपीला ती उतरली तेव्हा बाबा तिची पिशवी घेऊन दारापर्यंत गेले. त्यानंतर मंगळूरपर्यंत त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. खिडकीला डोकं टेकून माडांकडे बघत बसले, बाकीचे प्रवासी बघतात तसे.

रेल्वेने गावाला काय दिलं, काय नेलं, याचा हिशेब सोपा नाही. चाकरमानी गणपतीला एका रात्रीत येतो आणि तसाच जातोही. शिकलेली पोरं आता दहावीनंतर थांबत नाहीत, स्टेशन जवळच आहे. जमीन गेलेल्यांपैकी माझ्या चुलतभावाला रुळावर नोकरी लागली. पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात, आणि तो हातात दिवा घेऊन रात्रीचा रूळ चालत तपासतो, दरडीकडे बघत. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडमातीवर गाडी गेली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्या रात्रीपासून पाऊस लागला की त्याची आई जागीच असते.

बाबा गेले ते भाद्रपदात. रात्री दहाला फोन आला. उभ्याने का होईना, मिळेल त्या गाडीने निघालो. पाऊस धो धो. गाडी जागोजाग थांबत होती आणि प्रत्येक थांब्याला माझ्या मनात १९५८ चा फोंडा घाट. उजाडता उजाडता नांदगाव गेलं तसा मी दाराशी जाऊन उभा राहिलो. चहावाला आला, त्याला नको म्हटलं. दरड सरली, भराव आला आणि खाली दोन्ही अंगाला भात. पोटरीला आलेलं, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं. दोन सेकंद, जास्तीत जास्त तीन. रुळाच्या कडेला चुलतभाऊ उभा होता. डोक्यावर इरलं, हातात दिवा. गाडी गेल्याशिवाय त्याला जागा सोडता येत नव्हती.

आठ वाजता घरी पोचलो. माणसं थांबली होती. बाबांना पहिला खांदा मी दिला.