उतरणीचा हिशोब : खानदेशचा कापूस, थळ घाट आणि ‘खेकडा’

भुसावळ-जळगावकडून मुंबईला निघालेली गाडी इगतपुरीला थांबते, तेव्हा बहुतेक प्रवाशांचे लक्ष वड्यांकडे असते. तो थांबा मात्र वड्यांसाठी नाही. पुढे कसाऱ्यापर्यंत थळ घाट आहे आणि उतरणीला लागण्यापूर्वी गाडीचे ब्रेक तपासावे लागतात. या तपासणीमागे दीडशे वर्षांहून जुनी भीती आहे.

थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला १ जानेवारी १८६५ रोजी. चढ ३७ फुटांना एक फूट. सुमारे १५ किलोमीटरच्या वाटेत गाडी जवळजवळ ३०० मीटर खाली येते.

काळही लक्षात घ्यावा. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतील कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. तोवर हा माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरत असे. आता तो रुळांवर आला.

घाटाच्या इतिहासात नेहमी चढणीचेच कौतुक होते : किती इंजिने लावली, मागून कसे ढकलले. पण खानदेशचा कापूस बंदराकडे जाताना घाट चढत नव्हता, उतरत होता. भरलेली गाडी वर नेणे कष्टाचे, तर खाली आणणे जोखमीचे.

एक साधा हिशोब मांडू. १,००० टनांची गाडी ३०० मीटर खाली आली, तर तिच्यातून सुमारे ८०० युनिट विजेइतकी ऊर्जा बाहेर पडते. ही ऊर्जा कुठे तरी जायलाच हवी. वाफेच्या काळात तिचा मोठा भाग ब्रेकच्या लोखंडी ठोकळ्यांत आणि चाकांत उष्णतेच्या रूपाने जाई. ठोकळा तापला की त्याची पकड कमी होते. पकड कमी झाली की तो अधिक जोराने दाबावा लागतो, आणि तो आणखी तापतो. त्यात चाकावरची पोलादी धाव तापवून बसवलेली असे आणि थंड होताना ती चाकाला आवळून बसे. अति तापल्यास तीच धाव सैल होण्याचा धोका असे. म्हणजे ज्या उपायाने गाडी रोखायची, तोच उपाय चाक खिळखिळे करी.

अभियंत्यांनी ही भीती मान्य केली आणि तिला रुळांतच जागा दिली. घाटात ठिकठिकाणी मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारे आडमार्ग बांधले. सांधे एरवी त्या आडमार्गाकडेच वळवलेले असत. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचे, मगच पुढची वाट मोकळी व्हायची. न थांबणारी गाडी चढावर जाऊन आपोआप मंदावावी, ही योजना. अविश्वासावर उभी असलेली इतकी शहाणी व्यवस्था क्वचितच सापडते.

मग वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विद्युत गाडी धावली आणि १९३० पर्यंत विद्युत मार्ग पुणे व इगतपुरी दोन्हीकडे पोहोचला. घाटातील मालगाड्यांसाठी स्विस ‘क्रोकोडाइल’च्या धर्तीवरची ४१ इंजिने आली. पहिल्याला मुंबईच्या गव्हर्नरांचे नाव मिळाले, ‘सर लेस्ली विल्सन’. पण त्यांच्या चमत्कारिक कण्हण्यामुळे आणि डुलत्या चालीमुळे लोकांनी ठेवलेले नाव होते ‘खेकडा’. गव्हर्नरांच्या नावापेक्षा तेच अधिक शोभले, असे म्हणायला हरकत नाही.

खेकड्याची खरी करामत उतारावर दिसे. उतरताना त्याच्या मोटारी जनित्र बनत. चाके त्यांना फिरवीत, वीज तयार होई, ती वरच्या तारेत परत जाई आणि त्या ओढीने गाडीचा वेग आवरला जाई. ठोकळे थंड राहत. अट एकच : परत आलेली वीज घेणारे कोणी तरी हवे, चढावरची दुसरी गाडी किंवा ती स्वीकारू शकणारे उपकेंद्र. घेणारा नसेल, तर पुन्हा लोखंडी ठोकळ्यांचाच आधार.

आज माल वाहणाऱ्या विजेच्या सायकली आणि तीनचाकी गाड्यांपैकी ज्यांत ही सोय असते, त्यांत हेच तत्त्व चालते. फक्त घेणारा बदलला आहे. तारेच्या जागी बॅटरी आली.

प्रश्नाची धार बोथट झालेली नाही. जुलै २०२३ मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर, शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात शिरला आणि किमान १० जणांचा जीव गेला. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ट्रकचालकांचा जुना नियम इंजिनाला ब्रेकचे काम देतो. विजेच्या सायकलीत तसे इंजिन नाही. तिच्या मोटारीने वीज परत घेतली नाही, तर सगळा भार छोट्याशा तबकडीवर येतो. ती तापते, आणि द्रवावर चालणारा ब्रेक असेल तर आतला द्रव उकळून लिव्हर पोकळ लागू लागते. शिवाय काठोकाठ भरलेली बॅटरी आणखी वीज घेत नाही. म्हणून कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरायचा असेल, तर ती वरच पूर्ण भरून निघणे सोयीचे नाही. थोडी रिकामी ठेवावी लागते, आणि वेग पहिल्या वळणाच्या आधीच कमी करावा लागतो.